झारेकऱ्याची पेटी

स्लुइस बॉक्स विकत घ्यायचा म्हणजे आधी नवऱ्याशी भांडावं लागतं, हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. आम्ही तीन आठवडे भांडलो. मेलबर्नमध्ये लॉकडाऊन होता, दोघंही घरूनच काम करत होतो, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर आणि रुसून जायला जागा नाही. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. शहराच्या टोकाच्या आमच्या ट्रुगानिनात पाच किलोमीटरच्या आत काय, तर एकसारखी घरं, अर्धवट बांधलेली एकसारखी घरं, आणि उद्या जिथे अशीच घरं होणार आहेत ते वाळलेलं गवत. सोन्याची म्हणावी अशी क्रीक, म्हणजे ओढा, तासाभराच्या ड्राइव्हवर. पण माणसाला कोंडून घातलं की त्याला नेमकं लांबचंच सुचतं.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. स्लुइस बॉक्स म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली पत्र्याची पन्हळ. ती वाहत्या ओढ्यात जराशी उतरती ठेवायची आणि वरच्या तोंडाशी ओढ्यातली वाळू-खडी थोडी थोडी सोडायची. हलकं असेल ते पाणी वाहून नेतं, जड असेल ते तळातल्या खाचांत अडकून राहतं. सोनं सगळ्यात जड. आमच्या राज्यात एक साधा परवाना काढला की कुणीही हौसेखातर हे करू शकतं, फक्त काठ खणायचे नाहीत आणि केलेले खड्डे बुजवून यायचे. नवऱ्याच्या टीममधल्या कुणीतरी हे त्याच्या डोक्यात भरवलं, आणि नवरा एकदा भरला की सहजासहजी रिकामा होत नाही.

घरात तिसरं माणूस होतं, माझे वडील. आप्पा. आई गेल्यापासून ते कोल्हापुरात भावाकडे असतात. त्या वर्षी इथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी म्हणून माझ्याकडे आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. सुरुवातीला बरे होते. मग हळूहळू बोलणं कमी झालं. सकाळी आंघोळ करून, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून ते पुढच्या खिडकीपाशी खुर्चीत बसायचे आणि रिकाम्या रस्त्याकडे बघायचे. काही विचारलं की म्हणायचे, बरं हाय. जेवण वाढलं की म्हणायचे, बास. चुकून कधी जास्त बोललेच तर एवढंच, की जावईबापूंच्या घरात नुसतं बसून खायचं जिवावर येतं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. आप्पा झारेकरी. हा शब्द पुष्कळांना माहीत नसतो, आणि त्या माहीत नसण्यावरच माझं निम्मं आयुष्य निभावलं. सोनाराच्या दुकानात, कारागिरांच्या खोल्यांत काम करताना सोन्याचा कीस उडतो. तो जमिनीवरच्या धुळीत मिसळतो, झाडताना उंबऱ्याबाहेर येतो, धुताना गटारात जातो. तो केर विकत घेणारा, तो गाळ उपसणारा, पाण्यात धुऊन धुऊन त्यातलं गुंजभर सोनं वेगळं काढणारा माणूस म्हणजे झारेकरी. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफांच्या गल्लीत, दुकानं उघडायच्या आत आप्पा केरसुणी आणि घमेलं घेऊन हजर असायचे. मग घरी परसात लाकडी काथवटीत ते सगळं धुवायचे. त्या केरातून आमचं घर चाललं, भावाचं शिक्षण झालं, माझं इंजिनिअरिंग झालं. आणि शाळेतल्या मुली मला गटारवाल्याची म्हणायच्या.

पुण्याला होस्टेलवर गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, वडील काय करतात. मी म्हणाले, सोन्याच्या धंद्यात आहेत. खोटं नव्हतं म्हणा. पण तिने पुढे विचारलं, म्हणजे सराफ का, आणि मी मान हलवली. ती हललेली मान पुढे वीस-बावीस वर्षं सरळ झाली नाही. नवऱ्याला लग्नानंतर सांगितलं, तेव्हा तो 'बरं' म्हणाला आणि चहा पीत राहिला. सासरी मात्र सराफच. ट्रुगानिनातल्या आमच्या मराठी मंडळींतही सराफच.

माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण वसईची, कॅथलिक, तोंडाने फटकळ आणि मनाने साखर. आप्पा आल्याबरोबर ती सासूच्या बांगड्या घेऊन आली, काका सराफ आहेत तर जरा बघून सांगतील म्हणून. आप्पांनी बांगडी उजेडात धरली, नखाने आतल्या बाजूला चाचपली आणि सांगितलं की डाग दिलेल्या सांध्याच्या जागी मिसळ जास्त आहे, बाकी माल चोख. ती खूश होऊन गेली. ती गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "तू कुणाला काय सांगितलंयस ते आधी मला सांगत जा. मी तसंच बोलीन."

रागाने म्हणाले असते तर मीही रागाने काहीतरी बोलून मोकळी झाले असते, मी तशी तापटच आहे. पण ते अगदी सहज म्हणाले, आज दूध आणायचं आहे का असं विचारावं तसं. त्या दिवशी मला स्वतःची इतकी शरम वाटली की मी भांडी घासायचं निमित्त करून नळ सोडून उभी राहिले. आणि ठरवलं, की आप्पा परत जायच्या आत एकदा तरी, चार माणसांत, त्यांच्या देखत तो शब्द उच्चारायचा. ठरवलं खरं. मग लॉकडाऊन लागला आणि चार माणसंच उरली नाहीत. खरं सांगायचं तर मला जरा हायसंच वाटलं.

तर आर्वोच्या, म्हणजे इथल्या बोलीत दुपारच्या, कॉल्समधून सुटका झाली की नवरा टीव्हीवर सोन्याचे व्हिडिओ लावायचा. एक टोपीवाला गडी ओढ्यात पन्हळ लावून फावड्याने खडी ओतत होता. आप्पा नेहमीसारखे खिडकीकडे तोंड करून बसले होते. केव्हा वळले कळलं नाही. एकदम म्हणाले, "लई घाई करतोय. गेलं त्याचं." नवऱ्याने व्हिडिओ थांबवला. काय गेलं म्हणाला. आप्पा खुर्ची ओढत टीव्हीपाशी आले आणि पन्हळीच्या खालच्या टोकाला बोट लावून सांगायला लागले, की बघा, फावडंभर एकदम टाकलं की खाचा बुजतात, मग वरून सगळं घसरत जातं, सोनं असो की माती. मुठीमुठीने सोडायला पाहिजे. तांदूळ रोळताना बाई भांडं एकदम उपडं करते का? हळूहळू हलवते, तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात जातो आणि खडे तळाशी राहतात. इथे फक्त उलटं, तांदूळ टाकायचा आणि खडे ठेवायचे.

चार महिन्यांत आप्पा एका दमात एवढं बोलले नव्हते. मी लॅपटॉप मिटला.

त्यानंतर पेटी कुठली घ्यायची याचं रामायण सुरू झालं. मी सॉफ्टवेअर टेस्टर, त्यामुळे मी लगेच एक्सेल उघडलं. लांबी, रुंदी, वजन, लोकांनी दिलेले तारे. नवऱ्याची निवड पक्की होती, सगळ्यात लांब, पुरुषभर अ‍ॅल्युमिनियमची. त्याचं गणित सोपं होतं, जितकी लांब तितकं सोनं जास्त. मला आवडली होती घडीची, मधोमध दुमडून पाठीवर टाकता येणारी, कारण तिला तारे सगळ्यात जास्त होते. तिसरी एक आखूड, रुंद तोंडाची, साधी. तळाला रबराची खाचांची चटई, बाकी काही नाही. तिच्याकडे आम्ही दोघांनीही ढुंकून पाहिलं नव्हतं. आम्ही आपले लांब विरुद्ध घडी असे भांडत होतो, आणि एका भांडणात मी त्याला म्हणाले की तुला सोनं नको आहे, तुला छपराचं गटार पाहिजे आहे. गटार हा शब्द तोंडातून गेला आणि मी आप्पांकडे पाहिलं. ते वाटाणे सोलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या वढ्याला पाणी किती असतं?"

इतक्या दिवसांत कुणीच हे बघितलं नव्हतं. नवऱ्याने शोधून काढलं, की हिवाळ्यात बऱ्यापैकी, वसंत सरता सरता घोट्याएवढं. आप्पा म्हणाले, मग एवढी लांब पेटी धुवायला पाणी कुठून आणणार. अर्ध्यातच खडी बसून राहील. मग दुसरा प्रश्न, उचलणार कोण. मग माझ्या घडीच्या पेटीचा फोटो मोठा करायला लावला आणि मधल्या जोडावर बोट ठेवलं. म्हणाले, तुझी सगळी मेहनत ह्या फटीतनं जाणार. आमचं सोनं भुकटी असतं, गहू नसतो. शेवटी विचारलं, तळाला काय घातलंय आणि ते धुवायला किती वेळ लागतो. काही पेट्यांना तळाला गालिच्यासारखं दाट कापड होतं. आप्पांना ते पसंत नव्हतं. धरतं चांगलं, पण सोडत नाही, म्हणाले.

मी हट्टी. मला पुरावा हवा होता. तसं म्हटल्यावर आप्पांना राग येईल असं वाटलं, तर उलट त्यांचे डोळे लकाकले. दुसऱ्या दिवशी ते परसात कामाला लागले. पार्सलचं पुठ्ठ्याचं खोकं कापून, प्लास्टिकने मढवून त्यांनी तीन पन्हळी केल्या, तिन्ही पेट्यांच्या मापाच्या. एकीला मध्ये मुद्दाम जोड ठेवला. तळाला कुठे पायपुसणं, कुठे टॉवेल, कुठे गाडीतली खाचांची रबरी चटई. नवऱ्याच्या मासेमारीच्या डब्यातली शिशाची गोळी घेऊन कानशीने तिचा कीस पाडला, कारण शिसंही जडच. तो बागेतल्या मातीत मिसळला, प्रत्येक पन्हळीला सारखा मुठीने मापून. आणि मला म्हणाले, होस धर, धार बदलू नको.

मी होस धरून उभी होते आणि बघत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उतार दोन बोटांचा, मग तीन बोटांचा. पाणी तेच, माती तीच. काय अडकलं, काय खाली बादलीत गेलं, दोन्हीकडचं बघायचं. माझ्या कंपनीत हे मी नव्या पोरांना शिकवते आणि त्यासाठी मला पगार मिळतो. मला वाटायचं, हे मी इंजिनिअरिंगला शिकले. हे मी कोल्हापूरच्या आमच्या परसात, आप्पांकडे पाठ फिरवून बसले असताना शिकले होते. अभिमानाने ऊर भरून येतो म्हणतात ना, तसा माझा तिथेच, हातात होस असताना भरून आला, आणि धार बदलली म्हणून आप्पांनी मला झापलं.

साधी आखूड पेटी जिंकली. जोडाच्या पन्हळीतून निम्मा कीस बादलीत गेला. टॉवेलने सगळा कीस धरला, पण तो परत सोडवता सोडवता आम्ही तिघं टेकीला आलो. नवऱ्याने स्वतःच्या हाताने साधीची ऑर्डर दिली, वर एक चाळण, कारण आप्पा म्हणाले की चाळल्याशिवाय पेटीत टाकायचं म्हणजे निवडल्याशिवाय शिजवायचं. खिडकीपाशची खुर्ची त्या दिवसापासून परसात गेली.

पेटी नवरात्रात आली. डिलिव्हरीवाला दारात ठेवून लांबूनच 'नो वरीज मेट' करून गेला. खंडेनवमी तोंडावर होती. कामाच्या हत्यारांची पूजा आम्ही इथे दरवर्षी करतो. दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर. त्या वर्षी मध्ये नवी पेटी, चकचकीत. आप्पा आंघोळीला गेले होते. मी म्हटलं, ते यायच्या आत सगळं साग्रसंगीत मांडून ठेवू, बघून खूश होतील. खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि पेटीच्या तोंडाशी, जिथून वाळू आत जाते तिथे, ठसठशीत पाच बोटं ओढली. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून तळातल्या चटईलाही तेलाचा हात लावला, नव्या रबराला चांगला असतो म्हणून. मग हार घातला तो नेमका तोंडावर आणि आतल्या चटईवर. आप्पा आले, लांबूनच हात जोडले. बाहेर कुणाला भेटायची सोय नव्हती, पण घरात त्या दिवशी सणासारखा सण झाला. दुसऱ्या दिवशी मी हार काढला, कुंकू पुसून टाकलं आणि पेटी गॅरेजात ठेवून दिली.

लॉकडाऊन उठला आणि मग काही दिवसांनी शहराबाहेर जायची बंदीही उठली. पहिल्याच शनिवारी आम्ही बॅलराटच्या पलीकडे एका क्रीकवर गेलो. टोपीवाल्याचे व्हिडिओ पाठवून पाठवून नवऱ्याने वसईच्या मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्यालाही नादी लावलं होतं, ते त्यांच्या गाडीने आले. कित्येक महिन्यांनी माणसं भेटत होती, त्यामुळे मैत्रीण गाडीतून उतरल्यापासून जी बोलायला लागली ती थांबेचना. पाणी आप्पांनी सांगितलं होतं तेवढंच, घोट्याच्या जरा वर. आप्पांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, एका वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडामागे जागा पसंत केली, दोन बोटं उतार लावून पेटी बसवली आणि बाजूला दगड रचले. मग स्वतः काठावरच्या दगडावर बसले. आम्ही चौघं खणतोय, चाळतोय, मुठीमुठीने सोडतोय. आप्पा फक्त बघत होते.

तासाभराने खाचांत काळी वाळू दिसायला लागली. काळी वाळू म्हणजे जड माल येतोय. पण पिवळं काही दिसेना. नवरा म्हणाला, इथे नसेल सोनं. मैत्रीण म्हणाली, आमच्या नशिबात नसेल, चला जेवू. आप्पा उठले, पाण्यात उतरले आणि पेटीच्या खालच्या टोकाशी वाकले. बराच वेळ वाकूनच होते. मग मला हाक मारली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. पेटीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर पातळ, इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगत होते. आणि त्या रंगांत, डोळे बारीक करून पाहिलं तर, पिवळे कण. बुडत नव्हते. पाण्यावरून आरामात निघून चालले होते.

"तेल लावलंस?" आप्पांनी विचारलं.

मी म्हणाले, खंडेनवमीला, कुंकवाचं. त्यांनी चटईचं टोक उचललं, बोट फिरवलं आणि बोटाला अंगठा घासून पाहिला. भुकटी सोन्याला तेल लागलं की ते पाण्यात बुडत नाही, वरच्यावर तरंगत जातं, हे त्यांनी मला समजावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, आपल्यात म्हणूनच खंडेनवमीला सगळ्याला तेल लावतात, पण काथवटीला आणि केरसुणीला कोरडी हळद. तुला सांगायचं राहून गेलं बघ माझ्याकडनं.

राहून गेलं नव्हतं. दरवर्षी खंडेनवमीला आप्पा परसात पाटावर काथवट मांडायचे, शेजारी झिजून अर्धी झालेली केरसुणी, आणि भावाला नि मला बसवून सगळं सांगत सांगत पूजा करायचे. दिवाळीत सगळेच केरसुणीची पूजा करतात, पण ती नवी कोरी. आमच्याकडे पुजायची ती गुजरीतल्या गटारापर्यंत जाऊन आलेली. शेजारच्या मुलीच्या घरी स्कूटरला हार असायचा. मला केरसुणीची लाज वाटायची आणि कळायला लागल्यापासून दरवर्षी त्या दिवशी मी अभ्यासाचं निमित्त काढून मैत्रिणीकडे पळायचे. त्यामुळे भावाला माहीत होतं आणि मला नव्हतं. एवढी सगळी टेस्टिंग करून मी पेटी निवडली आणि जे घरात फुकट शिकायला मिळत होतं तेवढंच नेमकं शिकले नव्हते.

मैत्रीण चिखलातून माझ्यापाशी येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आप्पांकडे कौतुकाने बघत तिने विचारलं, "पण काका तर सराफ ना? दुकानात बसणाऱ्या माणसाला हे पाण्यातलं कसं माहीत?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर मला वाचता येत होती. तू म्हणशील तसं बोलतो, असं त्या नजरेत होतं. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी बोलले.

"सराफ नाहीत. माझे वडील झारेकरी आहेत. सोनाराच्या दारचा केर आणि गटारातला गाळ धुऊन त्यातून सोनं काढायचे. मी त्या सोन्यावर शिकले. सराफ हे मी खोटं सांगत होते, इतकी वर्षं."

आप्पा खाली वाकून पेटीजवळचा दगड उगाचच नीट करत होते. मला रडू फुटलं होतं आणि मी ते पुसतही नव्हते, कारण हात चिखलाचे होते. मैत्रिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस? घरात असा माणूस असताना आम्ही सगळा लॉकडाऊन त्या टोपीवाल्याचे व्हिडिओ बघत बसलो."

बास. बावीस वर्षं जे ओझं मी वाहिलं त्याची तिने एवढीच किंमत केली. नवरा हसायला लागला, मग मीही रडता रडता हसले.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी जेवणाच्या पिशवीतून भांडी घासायचा साबण मागून घेतला. पेटी क्रीकपासून लांब, गवतावर नेऊन त्यांनी कॅनमधल्या पाण्याने चटई घासली, पुन्हा घासली, उन्हाकडे धरून बघितली, पुन्हा घासली. मग हातातला साबणाचा फेस झटकत मैत्रिणीच्या नवऱ्याला म्हणाले, आमच्या आजोबांपासून हाच धंदा. गुजरीत माझ्या वडलांना नाव घेऊन हाक मारायचे सगळे, तोळा-मासा इकडचा तिकडे होणार न्हाई म्हणून. ते सांगत होते आणि तो ऐकत होता. आप्पांना स्वतःबद्दल असं उघड्यावर बोलताना मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. ऐकायला मी घरात होते कुठे.

संध्याकाळपर्यंत चटई पिवळी झाली असं सांगितलं तर ते पुन्हा खोटं होईल. आठ-दहा कण आले, त्यातला एक जोंधळ्याच्या कणीएवढा. काळ्या वाळूतून ते वेगळे करायचं काम आप्पांनी केलं. थाळी पाण्यात अशी फिरवली की वाळू आपणहून बाजूला झाली. आम्ही चौघं त्यांच्या खांद्यांवरून वाकून बघत होतो. मग त्यांनी थाळी माझ्या हातात दिली. धर, म्हणाले, मनगट सैल सोड. सैल सुटेना. त्यांनी माझं मनगट धरून फिरवलं. मी चाळीस वर्षांची होते आणि वडिलांकडून पहिल्यांदा त्यांचं काम शिकत होते.

पुढचे काही महिने मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आप्पांचा भाव वधारला. क्रेगीबर्नहून फोन, कुठली पेटी घेऊ. कुणीतरी लांबलचक घेऊन बसलंय, आता काय करू. मैत्रीण सगळ्यांना सांगायची, झारेकरी काकांना विचारा. पहिल्यांदा तो शब्द असा मोठ्याने, परक्याच्या तोंडून ऐकला तेव्हा मी दचकले. नंतर सवय झाली. नंतर तर कुणी काका एवढंच म्हणालं की मी विचारायचे, कुठले काका, झारेकरी का? आप्पा प्रत्येकाला एकच विचारायचे, आधी पाणी किती हाय ते सांगा.

एक खास विमान मिळालं तेव्हा ते कोल्हापूरला परत गेले. ते सोन्याचे कण मी काचेच्या इवल्या बाटलीत घालून त्यांना देत होते, त्यांनी घेतले नाहीत. तुझ्या हातचं पहिलं हाय, तुझ्याकडंच राहू दे, म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा लॉकडाऊनमध्ये होतो. लॅपटॉप, किल्ली, मिक्सर मांडले आणि आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे सकाळ होती, अंगावर धुतलेला शर्ट, वरपर्यंत बटणं. पेटी दाखव म्हणाले. दाखवली. तेल? नाही आप्पा, कोरडी हळद. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन खात्री करून घेतली. मग काही विशेष नसल्यासारखं विचारलं, "आणि केरसुणी?"

मी फोन खाली वळवला. पाटावर सगळ्यांच्या पुढे, लॅपटॉपच्याही पुढे, गॅरेज झाडून झाडून झिजलेली आमची केरसुणी होती. तिला हळद होती, कुंकू होतं आणि हार होता. मी फोन वर केला तेव्हा आप्पा चष्मा पुसत होते. वहिनी मागून विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि ते त्यांना सांगत होते, काही न्हाई, पोरीनं पूजा मांडलीय, ये बघायला.